लाइन गेल्यानंतरचे २३० व्होल्ट

आमच्या वऱ्हाडात वीज जात नाही, ‘लाइन’ जाते. ‘लाइन गेली’ असे म्हणायचा अवकाश, घरातली बाई मेणबत्ती शोधू लागते, पोरे ओरडतात आणि गल्लीच्या टोकाला कोणीतरी दोरी ओढून जनरेटर सुरू करतो. दोन-चार आचके देऊन यंत्र धडधडू लागते, दिवे लागतात आणि जो तो निर्धास्त होऊन आपल्या कामाला लागतो. पण ही जी आली ती लाइन कशी आहे, तिचा दाब किती, तो एका जागी ठरतो की हेलकावे खातो, ह्याची चौकशी कोणी करीत नाही. सोयरीक जुळवताना समोरच्या घराण्याच्या चार पिढ्या उकरून काढणारी माणसे पंचवीस-तीस हजारांच्या फ्रिजची गाठ अनोळखी जनरेटरशी बांधताना एक प्रश्नही विचारीत नाहीत, ह्याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

मी धंद्याने मोटारी गुंडाळणारा. आधी अकोल्याला, मग अमरावतीला. जळालेली वाइंडिंग उकलून पाहणे हे माझे रोजचे काम. आणि तांब्याची तार कशाने काळी पडली हे तिच्याकडे पाहून बरेच कळते. ‘लाइन नव्हती तेव्हा जळालं’ असे सांगत लोक जेव्हा मोटार दुकानात आणून टाकतात, तेव्हा मी एकच विचारतो, ‘लाइन नव्हती, मग जळालं कशानं?’ उत्तर बहुधा अंगणातल्या त्या धडधडणाऱ्या यंत्रापाशी येऊन थांबते.

दिव्याखाली अंधार

वऱ्हाडाला वीज नवी नाही. अकोला जिल्ह्यातल्या पारसला १९६० च्या दशकापासून औष्णिक वीजकेंद्र आहे. २०१० पर्यंत तिथे अडीचशे मेगावॉटचे दोन नवे संच उभे राहिले. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत २०१५ पर्यंत २७० मेगावॉटचे पाच संच झाले. म्हणजे वीज आमच्या शेजारीच शिजते. तरीही २००५ पासून पुढची काही वर्षे भारनियमनाने आम्हांला असे काही पिळून काढले, की दिव्याखाली अंधार ही म्हण आम्हांला उदाहरण देऊन शिकवावी लागत नाही. २०१२ च्या अखेरीस राज्याच्या बहुतेक भागांतले भारनियमन उठले. पण मे महिन्यातली वावटळ, जूनमधला पहिला पाऊस आणि तारांवर पडणारी निंबाची फांदी ह्यांना कोणी उठवू शकलेले नाही.

त्या भारनियमनाच्या काळात अकोल्याच्या टिळक रोडवर किंवा अमरावतीच्या राजकमल चौकात उभे राहिले, तर दुकानागणिक एक याप्रमाणे जनरेटरांची भजनी मंडळी ऐकू येई. श्रीराम होंडा आणि बिर्ला यामाहा ही नावे तर १९८० नंतरच्या पिढीला घरच्या माणसांसारखी परिचयाची. पेट्रोलवर सुरू करावे आणि तापल्यावर खटका फिरवून राकेलवर, म्हणजे आमच्या भाषेत मातीच्या तेलावर चालवावे, अशी ती यंत्रे. आता मातीचे तेल दुर्मिळ झाले, यंत्रेही बदलली. पण त्यांच्या पोटातला सिद्धांत जिथल्या तिथेच आहे.

तीन हजार फेऱ्यांचे गणित

ज्यांनी सायकलीचा डायनामो पाहिला आहे त्यांना हा सिद्धांत समजावून सांगण्याची गरजच नाही. पायंडल जोरात मारले की दिवा लख्ख, चढ लागला की दिवा मलूल. जनरेटरातही तेच. इंजिन आपल्या दांड्यावर एक चुंबक फिरवते, भोवतीच्या तांब्याच्या गुंडाळीत वीज उत्पन्न होते. बहुतेक लहान यंत्रांत ह्या चुंबकाला दोन ध्रुव असतात, त्यामुळे एका फेऱ्याला विजेचे एक आवर्तन पुरे होते. आपल्या देशात सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे ५० हर्ट्झ, ही रीत आहे. तेव्हा इंजिनाने मिनिटाला ३,००० फेरे मारले पाहिजेत. २,८८० मारले तर ४८ हर्ट्झ, ३,१२० मारले तर ५२. इथे भूलथापांना जागा नाही. आवर्तने मोजली की फेरे कळतात.

आता अडचण अशी, की इंजिनाला ओझे जाणवते. अकोल्याच्या कापूस बाजारातला हमाल मोकळ्या हाताने झपाझप चालतो आणि पाठीवर बोजा आला की त्याची चाल मंदावते. इंजिनाचेही तसेच आहे. चाल फार मंदावू नये म्हणून गव्हर्नर नावाची एक युक्ती बसवलेली असते. फेरे घटू लागले की ती इंजिनाला जास्त इंधन सोडते. पण गव्हर्नरला जागे व्हायलाही फेरे थोडे घटावेच लागतात. म्हणून चांगले यंत्रसुद्धा रिकामे असताना ५२ हर्ट्झच्या आसपास धावते आणि पूर्ण भारावर ५० ला येते. हा दोष नव्हे, ही त्याची प्रकृती आहे.

विजेचा दाबही ह्याच चालीबरोबर वरखाली होतो. रिकामे असताना किती व्होल्ट आणि पूर्ण भार टाकल्यावर किती, ह्यांतल्या फरकाला पूर्ण भाराच्या दाबाने भागले की जो शेकडा आकडा येतो त्याला ‘रेग्युलेशन’ म्हणतात. समजा रिकाम्या यंत्राने २४६ व्होल्ट दाखवले आणि भारावर २१८. फरक २८, रेग्युलेशन शेकडा १३ च्या जवळपास. हा आकडा जितका लहान तितके यंत्र खानदानी. विकत घेताना ‘किती किलोवॉट’ आणि ‘लिटरला किती तास’ हे सगळेच विचारतात. ‘रेग्युलेशन किती’ असे एखाद्याने विचारले तर दुकानदार खुर्ची पुढे करतो, असा माझा अनुभव आहे.

किती चालेल?

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी घरगुती पुरवठ्यासाठी एक शिस्त घालून दिली होती. जाहीर केलेल्या दाबापेक्षा शेकडा ६ हून अधिक वरखाली नाही आणि आवर्तनांत शेकडा ३ हून अधिक नाही. २०१० मध्ये त्या नियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. पण घरच्या माणसाला लक्षात ठेवायला तो जुना मापदंड आजही सोयीचा आहे. २३० व्होल्टांना शेकडा ६ म्हणजे २१६ ते २४४. ह्या दोन आकड्यांत जनरेटर राहिला तर निश्चिंत झोपावे. शेकडा १० ची सवलत दिली तर २०७ ते २५३ होतात. बहुतेक बरी उपकरणे एवढे सोसतात. त्यापलीकडे गेलात तर मग माझ्यासारख्याच्या दुकानाची वाट धरावी लागते.

आवर्तनांचे म्हणाल, तर ४८.५ ते ५१.५ उत्तम. रिकाम्या यंत्राने ५२.५ दाखवले तरी चालेल, कारण रिकाम्या यंत्राला काही लावलेलेच नसते. देशाच्या वीजजाळ्याची आवर्तने आज ४९.९० ते ५०.०५ ह्या अरुंद पट्ट्यात राखण्याचा दंडक आहे. अंगणातल्या यंत्राकडून एवढी अपेक्षा करणे म्हणजे गल्लीतल्या बँडकडून शास्त्रीय गायकीची अपेक्षा करण्यासारखे आहे.

दाब जास्त झाला तर काय होते ते सर्वांना दिसते: काहीतरी फटकन उडते. कमी दाबाचे नुकसान मात्र गुपचूप होते. मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. दाब शेकडा २० उतरला की सुरू होतानाचा जोर शेकडा ३६ उतरतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर ‘हूं हूं’ करीत राहतो, फिरत नाही. न फिरता नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढतो आणि तापतो. आत बसवलेले संरक्षण त्याला तोडते, पुन्हा जोडते, पुन्हा तोडते. असे काही तास चालले की गुंडाळीवरचे व्हार्निश करपते. घरच्यांना वाटते, फ्रिज चालू आहे. दिवा तर लागलाय ना!

एप्रिल २०२१

हे सारे गणित कधीकधी फ्रिजच्या किमतीवर थांबत नाही. करोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात आधी आमच्याकडे पोचली. फेब्रुवारी २०२१ मध्येच अमरावती आणि अकोल्यात टाळेबंदी लागली होती. एप्रिलपर्यंत रुग्णालयांत खाटा मिळेनात आणि ज्यांना थोडा प्राणवायू पुरेल अशा रुग्णांना घरीच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावून ठेवू लागले. आमच्या गल्लीतल्या एका मावशींना तसेच यंत्र लावले होते. एका संध्याकाळी वादळ झाले, झाड तारेवर पडले आणि लाइन गेली. मुलाने एका मांडववाल्याकडून जनरेटर आणून लावला. यंत्र चालू झाले, पण थोड्याच वेळात कॉन्सन्ट्रेटर शिटी मारू लागला. मुलगा माझ्याकडे धावत आला.

‘काका, लाइट तर झकास आहे, मंग हे काहून वरडून रायलं?’

मी मीटर घेऊन गेलो. यंत्रापाशी २०४ व्होल्ट, मावशींच्या उशाशी १९६. आवर्तने ४६. जनरेटर ८०० वॉटचा, तोही वयस्कर. त्यावर साडेतीनशे वॉटचा कॉन्सन्ट्रेटर, दोन कूलर, पंखा आणि दिवे. शिवाय अंगणापासून खोलीपर्यंत चाळीस मीटर बारीक तार, तीतच आठ व्होल्ट जिरत होते.

कॉन्सन्ट्रेटर काही प्राणवायू तयार करीत नाही. तो खोलीतलीच हवा दाबून झिओलाइट नावाच्या खड्यांतून सोडतो; खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि उरलेली हवा नव्वद टक्क्यांहून अधिक प्राणवायूची होते. हवा दाबणारा कॉम्प्रेसर मंदावला की खड्यांवर पुरता दाब बसत नाही आणि प्राणवायूचे प्रमाण घसरते. शिटी त्याचीच होती. दिवे झकास होते, श्वास मात्र उणा पडत होता.

आम्ही दोन्ही कूलर बंद केले. तार काढून अडीच चौरस मिलिमीटरची जाड तार टाकली. त्यानंतर मीटरने यंत्रापाशी २२८, उशाशी २२७ आणि साडेपन्नास आवर्तने दाखवली. सगळे काढून पाहिले तर २४१. म्हणजे रेग्युलेशन शेकडा सहाच्या आत, यंत्र मुळात वाईट नव्हतेच, त्याच्यावर लादलेले ओझे वाईट होते. यंत्र खिडकीपासून दूर हलवले, तेही तितकेच महत्त्वाचे. त्याविषयी पुढे सांगतो. मावशींना त्या रात्री कूलरवाचून उकडले. सुनेने पहाटेपर्यंत पुठ्ठ्याने वारा घातला. लाइन पाचच्या सुमारास आली.

यंत्रांच्या तीन जाती

लहान जनरेटरांत ढोबळ मानाने तीन जाती आहेत. पहिली कपॅसिटरवाली. तिच्यात ब्रश नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. एका जादा गुंडाळीला कपॅसिटर जोडलेला असतो आणि त्यातून जाणारा प्रवाह चुंबकाला बळ देतो. साधी, स्वस्त, टिकाऊ. पण फेरे वाढले की ह्या यंत्रात चुंबकाचे बळही वाढते, त्यामुळे फेरे शेकडा पाच वाढले तर दाब पाचाहून अधिक चढतो. इथेच आमच्या गॅरेजवाल्यांची करामत उपयोगी येते. ‘लाइट मंद वाटून रायली, म्हणून पेच जरासा आवळून देल्ला,’ असे सांगणारे मला पुष्कळ भेटले. तो पेच गव्हर्नरचा असतो. भार असेतो बरे दिसते; मग रात्री एकेक दिवा मालवत जातो, भार उतरतो आणि शेवटी एकट्या राहिलेल्या टीव्हीवर २६० व्होल्ट येऊन बसतात.

ह्यावर नियम सोपा आहे. आधी आवर्तने जुळवावीत, मग दाब पाहावा. आवर्तने बरोबर असून दाब कमी असेल, तर दोष फेऱ्यांत नाही. बहुतेक वेळा कपॅसिटर म्हातारा झालेला असतो. त्याच मापाचा नवा बसवावा, पेचाला हात लावू नये.

दुसरी जात ए.व्ही.आर.वाली, म्हणजे दाबावर आपोआप लक्ष ठेवणारी. एक छोटे इलेक्ट्रॉनिक मंडळ बाहेर जाणारा दाब सतत तपासते आणि चुंबकाचा प्रवाह कमीजास्त करते. चांगल्या यंत्रात दाब शेकडा दोन-अडीचच्या आत राहतो. मात्र एक ध्यानात ठेवावे: हा रखवालदार दाब राखतो, फेरे राखीत नाही. इंजिन दमून ४६ आवर्तनांवर आले तरी तो मीटरवर २३० दाखवीत राहील आणि ट्रान्सफॉर्मर, मोटारी आतून तापत राहतील.

तिसरी जात इन्व्हर्टर जनरेटरची. त्यात इंजिनाची वीज आधी एकदिश करतात आणि मग इलेक्ट्रॉनिक्सने तिची नवी, गुळगुळीत लहर घडवतात. भार कमी तर इंजिन हळू, भार जास्त तर जलद. बाहेर मात्र ५० आवर्तने ठाम. आवाज कमी, तेल कमी. किंमत मात्र चांगलीच जास्त. घरात नाजूक वैद्यकीय उपकरण असेल तर ही किंमत मोजण्याजोगी आहे.

नवा दिवा खरे सांगत नाही

पूर्वी घरात पिवळा बल्ब असे, तेव्हा तोच आपला मीटर होता. दाब शेकडा पाच उतरला की त्याचा उजेड सुमारे शेकडा १६ उतरे. शेकडा पाच चढला की उजेड वाढे, पण आयुष्य जवळजवळ निम्मे होई. डोळ्याला लगेच कळे. आताचा एल.ई.डी. दिवा पोटातल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे १८० व्होल्टांवर आणि २५० व्होल्टांवर बहुधा सारखाच हसतो. म्हणून ‘लाइट झकास आहे’ ही साक्ष आता ग्राह्य धरता येत नाही. सॉकेटात खोचायचा, व्होल्ट आणि हर्ट्झ दोन्ही दाखवणारा छोटा मीटर बाजारात मिळतो; तो फ्रिजच्या एका दुरुस्तीच्या खर्चात कितीतरी येतील. साधा मल्टीमीटर वापरलात तर एवढे लक्षात असू द्यावे, की स्वस्त जनरेटरची लहर वेडीवाकडी असते आणि साधा मीटर तिच्यावर चुकीचा आकडा दाखवू शकतो. ‘ट्रू आर.एम.एस.’ लिहिलेला मीटर अधिक विश्वासाचा.

घरचा बॅटरीवाला इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेत नाही, नुसता टक्‌टक् करतो, अशी तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते. इन्व्हर्टर बिघडलेला नसतो, तो फक्त चोखंदळ असतो. त्याच्यामागचा खटका ‘यू.पी.एस.’वर असेल तर तो दाब आणि लहर काटेकोर मागतो. खटका साध्या बाजूला केला की बहुधा तडजोड होते.

तार, ऊन आणि चिखलदरा

जनरेटरच्या पाटीवरचा आकडा थंड हवेतला असतो. अकोल्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा विरळ आणि तापलेल्या हवेत इंजिनाचा दम कमी पडतो. चिखलद्याला गारवा असतो, पण तो अकराशे मीटर उंचीवर. दर शंभर मीटरला सुमारे शेकडा एक ताकद कमी होते, म्हणजे दहावा हिस्सा गेलाच. म्हणून पाटीवरच्या आकड्याच्या पाऊण हिश्श्यावर संसार मांडावा. फ्रिज चालताना दीडशे वॉट घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहापट मागतो. म्हणून आधी फ्रिज लावावा, तो स्थिरावल्यावर बाकीचे. कॉन्सन्ट्रेटर असेल तर आधी तोच, आणि फ्रिज वाट पाहील.

सुरू करताना आणि बंद करतानाही एक क्रम आहे. यंत्र रिकामे सुरू करावे, दोन-तीन मिनिटे तापू द्यावे, मग भार टाकावा. बंद करताना आधी भार काढावा, मग इंजिन. तेल संपून यंत्र गचके खात बंद पडते, तेव्हा दाब खाली-वर नाचतो आणि त्या नाचात उपकरणे जातात. महिन्यातून एकदा यंत्र थोड्या भारावर चालवावे. वर्षभर झाकून ठेवलेले यंत्र ऐन वेळी फिरते, पण आतले चुंबकत्व उतरल्यामुळे वीज देत नाही.

धूर आणि खांबावरचा माणूस

दोन गोष्टींत मात्र तडजोड नाही. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला झोपेतच नेतो. आवाज नको म्हणून किंवा पाऊस लागेल म्हणून यंत्र ओसरीत, जिन्याखाली किंवा बंद दुकानात ठेवणारे जिवाशी खेळतात. ते उघड्यावर, खिडक्यांपासून दूर, वर फक्त पत्र्याचा आडोसा करून ठेवावे.

दुसरी गोष्ट चेंजओव्हर स्विचची. काही लोक दोन्ही टोकांना पिना असलेली तार करून जनरेटरची वीज सरळ घरातल्या सॉकेटात ढकलतात. मेन स्विच पाडायला विसरले, की ती वीज घराबाहेर खांबावर जाते. अकरा हजार व्होल्ट उतरवून आपल्याला देणारा ट्रान्सफॉर्मर त्या क्षणी उलटा चालतो आणि बंद म्हणून समजलेल्या तारेवर हजारो व्होल्ट चढवतो. त्या वेळी भर पावसात लाइनमन खांबावर चढलेला असतो, आपली लाइन जोडायला. चेंजओव्हर स्विचने घर एकतर महावितरणला जोडलेले राहते किंवा जनरेटरला, दोघांना एकदम कधीच नाही. अनुज्ञप्तीधारक वायरमनकडून तो बसवायला अर्धा दिवस लागतो.

दिवाळीची साफसफाई चालली असेलच. माळ्यावरचा जनरेटर खाली काढाल, तेव्हा तेल बदला, तार तपासा, स्विच आहे की नाही ते पाहा आणि मीटर लावून तीन आकडे त्याच्या टाकीवर रंगाने लिहून ठेवा: रिकामा किती व्होल्ट, भारावर किती, आणि आवर्तने किती. पुढल्या वर्षी तेच आकडे पुन्हा मोजा. फरक दिसला तर यंत्र बोलले असे समजा, आणि ते जळण्याआधी बोलले ह्यातच तुमचा फायदा आहे, माझ्या दुकानाचा थोडा तोटा झाला तरी चालेल.